कोपर धरणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

तुझं नाव या पत्रात घालत नाही. तुला ते आवडणार नाही, आणि तुझ्याबरोबर येणाऱ्या बाकीच्या जर्मन पोरापोरींनाही हे पत्र तितकंच लागू आहे. मराठी तुला येत नाही, पण माझी आतेबहीण समजावून सांगेल. मराठीत लिहिण्याचं कारण एवढंच, की आपल्या इकडच्या लोकांनीही हे वाचावं. काहींनी तर जरूर वाचावं.

इस्राएलमधल्या अश्दोदच्या ज्या वृद्धाश्रमात तुम्ही वर्षभर सेवेला येता, तिथे माझी आत्या आहे. अलिबागच्या इस्राएल आळीत वाढली आणि साठच्या दशकात तिकडे गेली. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली म्हटलं. गावाने कधी आमच्या ज्यू असण्याचा पुरावा मागितला नाही. तो मागितला गेला इस्राएलमध्ये. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून, फर्मान निघालं, की या लोकांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, १९६४ साली संसदेत ठराव झाला, तेव्हा कुठे वातावरण निवळलं. आत्याच्या तिथल्या संसाराची सुरुवात त्या दिवसांतली. म्हातारपणी तरी कुणी काही न विचारता शेजारी बसावं, एवढंच तिला हवं होतं.

बसायला आपले लोक होते ना! रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, यायचे. मधाची बाटली, आत्याच्या खांद्यावर हात, ‘आत्या, इकडे बघा, हसा’, फोटो, आणि मधुमेह असलेल्या बाईच्या उशाशी मध ठेवून मंडळी पुढच्या खोलीत. एका मंडळाने तर आपल्या ज्येष्ठांना दत्तक घेण्याची योजना काढली होती. बॅनर छापला, भाषणं झाली, नाश्ता झाला. त्यानंतर आत्याकडे कोणी फिरकलं नाही. नातेवाइकांबद्दल लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या लग्नात मला वेगळ्या टेबलावर बसवतील.

तुम्ही यायला लागलात तेव्हा आतेबहीण थोडी बिचकली होती. चर्चकडून आलेत म्हणजे हळूच पुस्तक काढतील, असं तिला वाटायचं. आत्या मात्र निर्धास्त. ख्रिस्ती मंडळींशी आमची ओळख जुनी आहे. मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, आमच्या मुलांना शाळेत घेतलं. आमच्या लोकांनी शाळा मनापासून घेतली, हिब्रू घेतली, इंग्रजी घेतली आणि धर्म आपला तोच ठेवला. ‘आजोबांना जमलं ते मला नाही जमायचं?’ असं आत्याने लेकीला सुनावलं. तुम्ही पुस्तक काढलंच नाही, तो भाग वेगळा.

त्या शुक्रवारी मी अश्दोदला होतो म्हणून मला ते बघायला मिळालं. आश्रमात ज्योत पेटवायला मनाई आहे. आगीची भीती, त्यात चूक काही नाही. म्हणून शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे तिथे बटणाचे. अलिबागला माझी आजी काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल घालून, त्यात वात ठेवून शब्बाथचा दिवा लावायची. तिथून बटणावर येणं आत्याने पत्करलं होतं, पण ते बटणसुद्धा तिच्या वाट्याला येत नव्हतं. कामावरची माणसं ड्यूटी संपायच्या आत एका फेरीत सगळ्यांचे दिवे लावून मोकळी व्हायची. आत्याला पार्किन्सन्स आहे. एवढ्याशा बटणावर तिचं बोट टिकत नाही, आणि ते टिकेपर्यंत थांबायला वेळ कुणाला? तिने कधी तक्रार केली नाही. शुक्रवारी संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

तू दिवा तिच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवलास आणि तिच्या कोपराखाली तळहात धरलास. हात पुढे ढकलला नाहीस. बोट एकदा घसरलं, परत घसरलं. तेवढा वेळ तू खिडकीतून बाहेर गाड्या बघत होतीस. हे तुला कुणी शिकवलं, ते मला खरंच विचारायचं आहे. कारण त्या वेळी मी टक लावून आत्याच्या बोटाकडे बघत होतो, आतेबहीणही बघत होती, आणि फक्त तुलाच कळलं होतं की तिची धडपड कुणी बघू नये. दिवा लागला. आत्याने तळव्यांनी डोळे झाकले, तशी तू हात काढून घेतलास आणि दाराशी जाऊन उभी राहिलीस. प्रार्थना संपल्यावर आत्या तुला ‘शब्बाथ शालोम’ म्हणाली आणि मला मराठीत म्हणाली, ‘पोर शहाणी आहे रे. हिला काहीतरी खायला घाल.’

नंतर चहा पिताना तू तुमच्या संस्थेबद्दल सांगितलंस. मग मी घरी येऊन तिच्या संस्थापकाबद्दल, लोथार क्रायसिगबद्दल वाचून काढलं. नाझी राजवटीतला न्यायाधीश. मानसिक रुग्ण आणि अपंग माणसं पालक म्हणून त्याच्या देखरेखीखाली होती. सरकार त्यांना संस्थांमधून नेऊन मारतंय हे कळल्यावर १९४० साली त्याने थेट न्यायमंत्र्याला पत्र लिहिलं, खुनाची तक्रार दाखल केली आणि पद गमावलं. त्यानेच १९५८ साली चर्चच्या सभेत आवाहन केलं, की ज्या देशांचं आपण वाटोळं केलं तिथे आपल्या तरुणांनी जाऊन हाताने काम करावं, तेही त्यांनी येऊ दिलं तर. १९६१ पासून तुमची मुलं इस्राएलमध्ये येतात. ‘येऊ दिलं तर’ हे मला फार आवडलं. सेवा करणारे आमच्याकडेही कमी नाहीत, पण दार वाजवून थांबणारे किती? शेजारच्या खोलीतल्या रुमानियाच्या आजी तुझा जर्मन उच्चार ऐकून तोंड फिरवायच्या. तू त्यांच्या खोलीत गेली नाहीस, येता-जाता फक्त मान लववायचीस. आता त्या तुझ्याकडून पेपर वाचून घेतात, असं आतेबहीण सांगते.

आमच्यात मनासारखं काही घडलं की एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. ठाण्याला परतल्यावर मी तो केला आणि तुमच्या सगळ्यांसाठी आशीर्वाद मागितला. तुमच्या पाद्रीसाहेबांना यात काही वावगं वाटणार नाही, अशी आशा आहे.

आत्याचा निरोप आहे. ऑगस्टमध्ये तुझं वर्ष संपून तू घरी जाशील. त्याआधी तुझ्या जागी येणाऱ्या मुलीला एका शुक्रवारी बरोबर आण आणि कोपर कुठे धरायचं ते दाखवून जा. नाहीतर ती मदत म्हणून स्वतःच बटण दाबेल.

तुझा,
आत्याचा ठाण्याचा भाचा