माळवदाला घरकुल योजनेत जागा द्या

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरातली माळवदे, म्हणजे दगड-मातीच्या भिंतींची, मातीच्या सपाट छताची घरं, कोसळली आणि दगड-मातीचं घर म्हणजे मरण, अशी धास्ती लातूर-धाराशिवच्या गावांत बसली. धास्ती रास्त होती. दोष मात्र सरसकट मातीच्या माथी बसला.

ती भिंत एकसंध नव्हतीच. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे गोटे-मातीचा भराव. दोन्ही थर बांधणारा आरपार दगड नाही. हादऱ्याने भराव खाली बसला, भिंतीला पोट आलं, थर सुटले. त्यात छताचं ओझं. गळती थांबवायला माळवदावर वरचेवर पांढरी माती पडत जाते. थर दोन फुटांचा झाला की चौरस मीटरला सुमारे 1 टन, म्हणजे 25 चौरस मीटरच्या घरकुलावर 25 टन! तरीही कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. माणसं भिंतींखाली गेली.

यावर उपाय त्याच वर्षीच्या भारतीय मानक 13828 मध्ये, म्हणजे अशा कमी ताकदीच्या भिंतींची घरं भूकंपात टिकावीत यासाठीच्या नियमांत, आहेत. भिंत 450 मिलिमीटरहून जाड नको. दर 600 मिलिमीटर उंचीला, आडवे 1.2 मीटरच्या आत आरपार दगड हवेत. दारं-खिडक्यांच्या माथ्यावर घरभर अखंड पट्टा हवा. तो लाकडाचाही चालतो. आमची भर एवढीच: खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्यावेत, छतावरची माती 20 सेंटिमीटरवर आणावी आणि तिच्याखाली जाड प्लास्टिक अंथरावं. गळती थांबली की नवी माती चढत नाही. खरं मर्म इथेच आहे.

नेपाळने 2015 च्या भूकंपानंतर सरकारी नमुन्यांत पट्टे घातलेलं दगड-मातीचं घर ठेवलं. आपल्याकडे मात्र मातीची भिंत आणि मातीचं छत दिसलं की घर ‘कच्चं’ ठरतं.

आमची मागणी: या नियमांनी बांधलेलं माळवद घरकुलाच्या मंजूर नमुन्यांत घ्यावं आणि जुनी माळवदं मजबूत करायलाही अनुदान द्यावं. तपासणी मात्र गिलाव्याआधीच व्हावी, कारण नंतर आरपार दगड दिसत नाहीत. त्यांच्या दोन्ही टोकांना चुन्याची खूण करून आतून-बाहेरून फोटो घ्यावेत. खुणा जुळल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये.

आपले,
दगड-मातीच्या बांधकामातील अभियंते व गवंडी