ब्रह्मोस पोहोचले, पण फिलिपिन्सचे नौदल कुणी समजावून सांगितले नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ब्रह्मोस क्षेपणास्त्रांमुळे फिलिपिन्सच्या युद्धनौका आता चीनला भारी पडणार, अशा अर्थाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. ब्रह्मोसचा एक प्रकल्प नागपुरात आहे, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाला त्याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. मलाही वाटते. पण लेखाचा पायाच चुकला आहे. ही क्षेपणास्त्रे फिलिपिन्सच्या एकाही युद्धनौकेवर बसवलेली नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये सुमारे साडेसदतीस कोटी डॉलरचा जो करार झाला, तो किनाऱ्यावरून मारा करणाऱ्या तीन बॅटऱ्यांचा, म्हणजे क्षेपणास्त्र डागणाऱ्या तुकड्यांच्या सामग्रीचा होता. एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोहोचली आणि ती मरीन कोअरच्या, म्हणजे नौदलाच्याच जमिनीवर लढणाऱ्या दलाच्या, किनारा संरक्षण रेजिमेंटच्या ताब्यात गेली. म्हणजे हे अस्त्र नौदलाचेच, पण ते चालवणारे जवान जमिनीवर उभे आहेत.

हा फरक किरकोळ नाही. तिथल्या नौदलाचे दोन मुख्य भाग आहेत. एक फिलिपाइन फ्लीट, म्हणजे जहाजे, आणि दुसरा मरीन कोअर. दोघांवर मिळून एक व्हाइस अॅडमिरल दर्जाचा प्रमुख असतो. देश सात हजारांहून अधिक बेटांचा, त्यामुळे पालावान, सेबू, झांबोआंगा, दावाओ अशा ठिकाणांहून वेगवेगळे प्रादेशिक नौदल विभाग कारभार पाहतात. दक्षिण चीन समुद्राची बरीचशी डोकेदुखी पालावानच्या पश्चिम विभागाकडे असते. तटरक्षक दल मात्र यात कुठेच नाही. १९९८ मध्ये ते नौदलापासून वेगळे केले गेले आणि आज ते परिवहन खात्याच्या हाताखाली आहे. आपल्याकडे तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाचे आहे, म्हणून आपले वार्ताहर या दोघांची सरमिसळ करतात. टीव्हीवर चिनी जहाजाने पाण्याचा फवारा मारलेली जी पांढरी बोट दिसते, ती फिलिपिन्सच्या नौदलाची नसते. तिच्या बातमीच्या मथळ्यात ‘नौदलावर हल्ला’ असे छापले की सगळ्या घटनेचा अर्थच फिरतो.

नौदल मागे का राहते, हे २०१२ च्या स्कारबरो प्रकरणावरून कळते. ही प्रवाळाची उथळ जागा लुझोन बेटापासून सुमारे २२० किलोमीटरवर आहे. तिथे चिनी मासेमारी बोटी दिसल्यावर फिलिपिन्सने ‘ग्रेगोरिओ देल पिलार’ हे नौदलाचे जहाज पाठवले. अमेरिकी तटरक्षक दलात १९६७ पासून वापरलेले हे जहाज त्यांना आदल्याच वर्षी मिळाले होते, आणि तेव्हा तेच ताफ्यातले सर्वात मोठे लढाऊ जहाज होते! जवानांनी बोटींवर चढून तपासणी केली तर आत मोठमोठे शिंपले, प्रवाळ आणि जिवंत शार्क. अटक होणार तेवढ्यात चीनच्या सागरी निगराणीची जहाजे मध्ये येऊन उभी राहिली. ती नागरी खात्याची होती. नागरी जहाजासमोर युद्धनौका उभी केली की दमदाटीचा ठपका आपल्यावरच येतो, म्हणून मनिलाने नौदलाचे जहाज मागे घेऊन तटरक्षक दलाची बोट पुढे केली. काही आठवड्यांत स्कारबरो हातचे गेले, ते गेलेच. जुलै २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या वादात आंतरराष्ट्रीय लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला, चीनने तो मानला नाही. तेव्हापासून पुढे तटरक्षक, मागे नौदल ही रचना त्यांनी जाणूनबुजून पाळली आहे.

इतक्या मोठ्या समुद्रावर इतकी थोडी जहाजे कशी, हा प्रश्न वाचकाला पडेलच. १९९२ पर्यंत सुबिक बे येथे अमेरिकेचा प्रचंड नौदल तळ होता, त्यामुळे समुद्राची काळजी आपण करायची आहे असे मनिलाला वाटलेच नाही. पैसा आणि माणसे कम्युनिस्ट बंडखोर आणि दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरचे सशस्त्र गट यांच्याशी लढण्यात गेली, लष्कर मोठे झाले. अमेरिकन गेले आणि १९९५ मध्ये मिस्चीफ रीफ या प्रवाळ खडकावर चीनने बांधकाम उभे केले, तेव्हा फिलिपिन्सच्या ताफ्यात दुसऱ्या महायुद्धातली जहाजे होती. त्यातली ‘राजा हुमाबोन’ २०१८ मध्ये निवृत्त झाली. माझी सारी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. एवढ्या जुन्या इंजिनाला सुटा भाग मिळत नाही, तो लेथवर घडवून घ्यावा लागतो. असा ताफा वर्षानुवर्षे चालता ठेवणाऱ्या फिलिपिनो तंत्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर आहे. २०२०-२१ मध्ये दक्षिण कोरियात बांधलेल्या ‘होसे रिझाल’ वर्गाच्या फ्रिगेट आल्या, तेव्हा कुठे त्यांना खऱ्या अर्थाने आधुनिक युद्धनौका मिळाल्या.

आता ज्या जहाजाबद्दल आपल्या लेखात एक अक्षरही नाही, त्याबद्दल लिहितो. ‘सिएरा माद्रे’ १९४४ मध्ये अमेरिकेत बांधले गेले. रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारे हे जहाज व्हिएतनाम युद्धातही होते, १९७६ मध्ये फिलिपिन्सकडे आले. १९९९ मध्ये नौदलाने ते मुद्दाम आयुंगिन शोल या उथळ जागी रुतवले. पालावानपासून ही जागा दोनशे किलोमीटरच्या आत, आणि चीनने बांधलेले मिस्चीफ रीफ तिथून जेमतेम चाळीस किलोमीटर. तेव्हापासून मोजके मरीन त्या जहाजावर राहतात. कागदोपत्री ते आजही नौदलाच्या सेवेत आहे, भंगारात काढलेले नाही, आणि यातच सगळी मेख आहे. सेवेतल्या जहाजावर सशस्त्र हल्ला झाला तर अमेरिकेबरोबरच्या १९५१ च्या परस्पर संरक्षण कराराचा प्रश्न उभा राहतो.

पण लोखंडाला करार कळत नाही. पाणी आणि हवा आलटून पालटून लागते त्या रेषेतला पत्रा सगळ्यात आधी जातो. रुतलेल्या जहाजाला ड्राय डॉक, म्हणजे दुरुस्तीची कोरडी गोदी, नाही. चिपिंग हॅमरने गंज काढायला जावे तर हातोडी आरपार जाईल अशी पत्र्याची अवस्था होते. आतून सिमेंट काँक्रीट ओतून आणि वेल्डिंग करून ते तग धरून ठेवल्याच्या बातम्या २०१५ मध्येच आल्या होत्या. अन्न, पाणी आणि बदलीचे जवान लाकडी बोटींतून न्यायचे, आणि त्याच बोटी चिनी तटरक्षक दल अडवते. मार्च २०२४ मध्ये फवाऱ्याने काच फुटून बोटीवरची माणसे जखमी झाली. १७ जून २०२४ रोजी चिनी जवान सुरे आणि कुऱ्हाडी घेऊन आले, नौदलाच्या रबरी बोटी फाडल्या, त्या झटापटीत एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. पुढच्या महिन्यात रसद नेण्याबाबत दोन्ही देशांत तात्पुरता समझोता झाला.

कोकणातल्या माणसाला यावर खांदेरी आठवल्याशिवाय राहत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या लोकांनी मुंबईच्या तोंडावरचे ते बेट घेऊन तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी मोठी गलबते आणून वेढा घातला, आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात त्यांना चुकवून बेटावर दाणागोटा पोहोचवत राहिल्या. इंग्रजांना अखेर माघार घ्यावी लागली. मोठ्या आरमारापुढे बेट टिकते की नाही हे रसदेवर ठरते, ही गोष्ट आपल्याला कुणी परक्याने शिकवायची गरज नाही.

म्हणूनच ब्रह्मोसने प्रश्न सुटला असे लिहिणे मला पटत नाही. २९० किलोमीटरच्या पल्ल्याचे क्षेपणास्त्र लुझोनच्या पश्चिम किनाऱ्यावरून स्कारबरोपर्यंत पोहोचते, युद्ध झाले तर त्याचा धाक नक्कीच आहे. तो असायलाच हवा. पण पाण्याच्या फवाऱ्याला कुणी ब्रह्मोसने उत्तर देत नाही. रोजच्या रोज लागतात त्या गस्तीच्या बोटी, दुरुस्तीच्या गोद्या, सुटे भाग आणि प्रशिक्षित माणसे. हे जपानने ओळखले. फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाच्या बऱ्याच बोटी जपानी कर्जातून जपानमध्येच बांधल्या गेल्या आहेत. आपल्याकडे क्षमता नाही असे नाही. गोवा शिपयार्डने श्रीलंकेच्या नौदलाला मोठी गस्ती जहाजे दिली, मॉरिशसला वेगवान बोटी दिल्या. व्हिएतनामला तर आपण २०२३ मध्ये ‘किरपाण’ ही चालू स्थितीतली कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका, भेट दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय आणि फिलिपिनो नौदलांनी दक्षिण चीन समुद्रात एकत्र संचलन केले, त्यात मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस दिल्ली’ होती. ही बातमी मराठी वृत्तपत्रांत मला कोपऱ्यात सापडली.

माझी विनंती एवढीच की पुढच्या लेखात क्षेपणास्त्राच्या वेगाचे वर्णन थोडे कमी करून नौदल, मरीन कोअर आणि तटरक्षक दल यांची जबाबदारी वेगवेगळी मांडावी. आणि शक्य असेल तर आपल्या गोव्याच्या प्रतिनिधीला वास्कोला पाठवून विचारावे, की मॉरिशससाठी बांधल्या त्या आकाराच्या बोटी फिलिपिन्सला हव्या असतील तर गोवा शिपयार्ड त्या किती दिवसांत देऊ शकेल, आणि त्यासाठी भारत सरकारने कर्ज देऊ केले आहे का.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर, दापोली