वाहाकाला गेले, तेव्हा संखेडा दिसले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या परदेश सहलींवर पानभर मजकूर आला होता. त्यात उंच इमारती होत्या, समुद्रकिनारे होते, खरेदीचे बाजार होते. एकाही खेड्याचे किंवा कारागिराचे नाव मात्र नव्हते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी बडोद्यातल्या एका शाळेत छत्तीस वर्षे चित्रकला आणि शिवण शिकवले. निवृत्तीनंतर जपून ठेवलेल्या पैशांतून मागच्या ऑक्टोबरच्या शेवटी भाचीबरोबर मेक्सिकोला जाऊन आले. तिच्यामुळे गेले हे खरे, पण सहल मी निवडली होती. मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचे राज्य आहे, तिथले लोक त्याचा उच्चार ‘वाहाका’ असा करतात. तिथल्या विणकरांच्या, कुंभारांच्या आणि लाकूडकाम करणाऱ्यांच्या खेड्यांत आठ दिवस. आम्ही दहा माणसे, एक लहान गाडी आणि वाट दाखवायला त्याच भागातली, झापोतेक या तिथल्या मूळ जमातीतली एक मुलगी.

पहिल्याच सकाळी गाडी सुरू व्हायच्या आधी तिने तीन गोष्टी सांगितल्या. ज्या घरी जाऊ त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे आधीच पोचले आहेत. तिथे काही विकत घेतलेत तर सगळे पैसे त्या घराचे, मला त्यातले काही मिळत नाही. आणि फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. भाचीने मराठीत सांगितले तेव्हा मी तिला पुन्हा विचारले, नीट ऐकलेस ना? काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच एका सहलीत ‘हस्तकला केंद्र’ म्हणून आम्हाला एका दुकानात दीड तास बसवून ठेवले होते. चहा पाजला, शाली उलगडल्या आणि निघताना चालकाच्या हातात पाकीट दिलेले मी डोळ्यांनी पाहिले. त्या दीड तासात एकही माग दिसला नव्हता.

तेओतित्लान देल व्हाये हे वाहाका शहरापासून तासाभराच्या आतले विणकरांचे गाव. ज्या घरी गेलो तिथे आधी देवघरात नेले. भिंतीला टेकून मोठे टेबल, त्यावर मेरीमाता आणि संतांच्या तसबिरी, फुले, मेणबत्त्या, आणि बाजूला घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. तिथे नमस्कार करून मग अंगणात, मागाकडे. आजीबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांना स्पॅनिश बेताचेच येत होते. त्या झापोतेकमध्ये बोलत, वाट दाखवणारी मुलगी ते स्पॅनिशमध्ये सांगे, भाची माझ्यासाठी मराठीत आणी. घरात एक भाषा, बाजारात दुसरी. बडोद्यातल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे उंबऱ्याच्या आत मराठी आणि ओट्याची पायरी उतरली की गुजराती, हे चार पिढ्या चालले आहे.

त्या अंगणात नोपाल नावाच्या निवडुंगाची चपटी पाने टांगलेली होती आणि पानांवर पांढरी बुरशी आल्यासारखे ठिपके होते. आजीबाईंनी एक ठिपका नखाने उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटाने चिरडला. तळहात लालभडक झाला. हा कोचिनियल किडा. वाळवून पाट्यावर वाटायचा, आणि पाटा आपल्यासारखाच दगडी, फक्त त्याला पाय असतात. मग त्यांनी माझ्याच हातावर लिंबाचे दोन थेंब पिळले, रंग शेंदरी झाला. चिमूटभर चुना टाकला, जांभळा झाला. एक पौंड रंगाला सुमारे ७०,००० किडे लागतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून जहाजांनी जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत या रंगाची होती. आपल्या ‘किरमिजी’ शब्दातही असाच एक रंग देणारा किडा दडलेला आहे, हे मी मुलींना वर्षानुवर्षे वर्गात सांगत आले. किडा हातावर कधी घेतला नव्हता.

इथे मला माझ्या आजोबांची आठवण झाली आणि ती सुखाची नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले प्राचार्य. आजोबा तिथे रंगाईकाम शिकले आणि त्याच विद्येवर गिरणीत नोकरी करून त्यांनी घर उभे केले. ती विद्या रासायनिक रंगांची होती. १८५६ मध्ये इंग्लंडात पर्किन या रसायनशास्त्रज्ञाला पहिला कृत्रिम रंग सापडला आणि पुढच्या काही दशकांत कोचिनियलचा बाजार बसला, आपल्याकडची मंजिष्ठा आणि नीळही बसली. म्हणजे ज्या रंगांनी त्या आजीबाईंच्या पणजोबांच्या पोटावर पाय आला, त्यांच्यावर माझे शिक्षण झाले. मी हे त्यांना सांगितले. तीन भाषांतून ते त्यांच्यापर्यंत कसे पोचले कोण जाणे, पण त्यांनी माझा लाल हात आपल्या हातात धरून ठेवला.

सान बार्तोलो कोयोतेपेक हे काळ्या मातीच्या भांड्यांचे गाव. तिथे चाक नाही. एक बशी पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, आणि वरची हाताने फिरवत घडा उभा करतात. पूर्वी हे घडे करडे, बिनचकाकीचे असत, त्यात पाणी आणि मेस्काल दारू भरत. १९५०च्या सुमारास दोन्या रोसा या कुंभारणीने ओलसर भांडे गारगोटीने घासून मग भाजून पाहिले आणि ते आरशासारखे काळे चमकू लागले. मात्र अशा भांड्यात पाणी ठरत नाही, ते झिरपते. एका बाईच्या हाताने गावाचे नशीब बदलले आणि घडा मात्र पाणवठ्यावरून दिवाणखान्यात गेला. याचे भले मानावे की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सान मार्तिन तिल्काहेतेतले कोपाल लाकडाचे रंगीत प्राणी सगळ्यांना आवडले. मला तिथे गर्दी जास्त वाटली, त्याविषयी लिहीत नाही. त्यापेक्षा एका स्वयंपाकघरातली सकाळ सांगते. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवलेला, सकाळी धुऊन पाट्यावर वाटलेला, आणि मातीच्या तव्यावर भाकरी टम्म फुगलेली. कोको पाण्यात उकळून त्यात लाकडी रवी दोन तळव्यांत धरून घुसळायची, ताक करतो तशीच, आणि वर फेस आला की प्यायचे. आणि दाराशी झेंडूच्या राशी! मृतांच्या दिवसांसाठी, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरसाठी, घरोघर झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, गेलेल्या माणसाला घर सापडावे म्हणून, आणि त्याच्या आवडीचे जेवण मांडतात. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या बाईला यात परके काय वाटणार? दसऱ्याला आपण दारावर बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचाच.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते.

माझ्या माहेरी संखेडा गावच्या लाखकामाचा लाकडी पाळणा होता. माझ्या बहिणी, भाऊ आणि मी त्यात निजलो. सासरी संखेड्याचा झोपाळा आहे. बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांत तो मरून आणि सोनेरी रंग असेल. संखेडा इथून पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. आणि मी, कला शिकवणारी बाई, सत्तरीला आले तरी तिथे कधी गेले नव्हते. मेक्सिकोहून परतल्यावर पहिल्याच रविवारी बसने गेले.

ज्या घराच्या ओसरीवर लाकूड कातायचा चरक चालू होता तिथे उभी राहिले. कारागीरभाईंनी विचारले, ‘बेन, शुं लेवुं छे?’ मी म्हटले, घ्यायचे काही नाही, काम बघायचे आहे. ते थांबले, चरक बंद केला, आतून खुर्ची आणली, रुमालाने पुसली आणि मग पुन्हा कामाला बसले. सागाचा पाय चरकावर गरगर फिरत होता. त्याच्यावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग लाकडावर चढे. कथलाच्या रुपेरी नक्षीवर लाख चढली की ती सोनेरी दिसते, त्यात सोने नसतेच. शेवटी केवड्याच्या पानाने आणि अकिकाच्या दगडाने घोटायचे. कोयोतेपेकची गारगोटी माझ्या डोळ्यांपुढे आली. आणि लाख म्हणजे तरी काय? झाडाच्या फांदीवर बसणाऱ्या किड्याचाच स्राव, कोचिनियलचा लांबचा भाऊ! ज्याच्यासाठी मी अर्धी पृथ्वी ओलांडली ते सव्वा तासावर होते.

त्या भाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक येते, किंमत विचारते, प्लास्टिकच्या खुर्चीशी तुलना करते आणि जाते. काम कसे होते हे कोणी विचारत नाही. त्यांच्या मुलाला हे काम शिकायचे नाही. मला त्या मुलाचा राग आला नाही.

बडोद्यातल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. गणेशोत्सवात आपण व्याख्याने करतो, नाटके करतो, दरवर्षी एक यात्राही काढतो. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एक रविवार आपल्या आसपासच्या कारागिरांच्या गावांना द्या. बारा माणसांपेक्षा जास्त नकोत. कारागिराच्या अर्ध्या दिवसाची मजुरी आधी त्याच्या हातात द्या, मग लोक काही विकत घेवोत न घेवोत. दुकानात थांबणे नको, मधला माणूस नको. माहिती सांगायला त्याच गावातला तरुण किंवा तरुणी घ्या आणि त्यांनाही पैसे द्या. कदाचित त्या न शिकणाऱ्या मुलाला लोकांना काम समजावून सांगणे आवडेल.

छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या तेजगढच्या आदिवासी अकादमीतही नेता येईल. मात्र तिथल्या राठवा आदिवासींच्या घरातल्या पिठोऱ्याविषयी, म्हणजे भिंतीवरच्या चित्राविषयी, जपून. ती भिंत म्हणजे त्यांचा देव, नवसाची. बडवा म्हणजे त्यांचा पुजारी, त्याच्या देखरेखीखाली, मुलींनी सारवलेल्या भिंतीवर लखारा म्हणजे चित्रकार घोडे रंगवतो. घरच्यांनी बोलावले तरच आत जावे आणि तेओतित्लानमध्ये गेलो तसे आधी हात जोडून. ते जमणार नसेल तर अकादमीतल्या संग्रहावर समाधान मानावे. परेश राठवा यांना २०२३ मध्ये या कलेसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्या वाचून आपण आनंद मानला. त्यांच्या गावाचा रस्ता बडोद्यातून किती जणांना माहीत आहे?

मी संखेड्याच्या दोन घरांशी बोलून ठेवले आहे. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दोघेही चरक चालू ठेवायला तयार आहेत. त्यांची मजुरी या पहिल्या खेपेपुरती मी देईन. बसचे भाडे ज्याचे त्याने द्यावे, डबा घरून आणावा, आणि मुलांना जरूर आणावे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. बारापैकी पाच जागा आमच्या गल्लीतच भरल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे