‘देव बघतोय’ एवढ्याने भागत नाही

संपादक महोदय,

‘धर्म नसेल तर माणसाला आवर कोण घालणार?’ आणि ‘सगळा रक्तपात धर्मापायीच झाला’ ही दोन वाक्ये वाचकांच्या पत्रांतून आलटूनपालटून भेटत असतात. दोन्हीकडे दाखल्यांची वाण नाही, म्हणून वादही मिटत नाही. आस्तिक माणूस चांगला की नास्तिक, हे भांडण बाजूला ठेवून एक वेगळा प्रश्न विचारावा असे आम्हांला मनापासून वाटते. या माणसाने हे कृत्य आत्ता का केले, आणि ते कारण उद्या उरेल का?

पहिल्या भांडणाचे उत्तर मोजून पाहिले गेले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातील १,२५२ प्रौढांना तीन दिवस, दिवसातून पाच वेळा मोबाइलवर विचारले गेले: गेल्या तासाभरात तुमच्या हातून काही चांगले वा वाईट घडले का? धार्मिक आणि अधार्मिक यांच्या उत्तरांत कृत्यांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक होता तो भावनेत. चांगले केल्याचा अभिमान आणि वाईट केल्याची टोचणी धार्मिकांना अधिक तीव्रतेने जाणवत होती. माणसे स्वतःबद्दल सांगतात ते जपूनच घ्यावे लागते, पण ‘आमचे लोक चांगले’ या दाव्याला इथे आधार मिळत नाही, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

हेतू किती नाजूक असतो हे दाखवणारा सर्वांत बोलका प्रयोग १९७३ चा आहे. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतील ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. काहींचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या प्रवाशाची बायबलमधली कथा. मधल्या गल्लीत दाराशी एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून बसवला होता. विद्यार्थी जवळून जाताना तो खोकायचा, कण्हायचा. ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, ते वाट बघताहेत’ असे ज्यांना सांगितले त्यांतले अवघे १० टक्के थांबले. त्याच कथेवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून पुढे गेले. भाषणाचा विषय कोणता होता, याने थांबण्या-न थांबण्यात ठळक फरक पडला नाही. धर्माकडे तुम्ही साधन म्हणून बघता की ध्येय म्हणून, यावरूनही कोण थांबेल हे सांगता आले नाही. ही मुले ढोंगी होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. एका माणसाला दिलेला शब्द पाळण्याच्या घाईत दुसरा माणूस त्यांच्या नजरेतून सुटला. वाईट वागण्यामागे दर वेळी वाईट हेतू नसतो. पुष्कळदा चांगल्या हेतूला वेळच दिलेला नसतो.

मग ‘देव बघतोय’ या जाणिवेचे काय? ती काम करते, पण आठवण ताजी असेपर्यंत. मोरोक्कोतील माराकेश शहरातल्या दुकानदारांना पैसे स्वतःला हवेत की दानाला, असे विचारले, तेव्हा अजान कानावर पडत असताना दानाकडे कल अधिक होता आणि ती थांबल्यावर कमी. अमेरिकेत ऑनलाइन लिलावातील दानाच्या आवाहनाला धार्मिक लोक रविवारी जास्त प्रतिसाद देत होते. इतर दिवशी त्यांच्यात आणि इतरांत तफावत राहिली नाही. बघणारा देवच असावा लागतो असेही नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात एका कॉफीच्या खोलीत आपापले पैसे डब्यात टाकायची पद्धत होती. दरपत्रकावर एका आठवड्यात फुलांचे चित्र, पुढच्यात माणसाच्या डोळ्यांचे, असे दहा आठवडे केले. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले. पुढे असा परिणाम काही प्रयोगांत दिसला, काहींत दिसला नाही, त्यामुळे पहाऱ्यावर नीती उभी करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

गंमत म्हणजे धर्मपरंपरांना हे फार आधी कळले होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात एकाच दानाचे तीन प्रकार केले आहेत: परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले सात्त्विक, फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले राजस, अवेळी, अपात्री, समोरच्याचा अपमान करून दिलेले तामस. बुद्धांनी चेतनेला, म्हणजे कृतीमागच्या इराद्यालाच, कर्म म्हटले. इस्लामी परंपरेत कर्माचे मोल ‘नियत’वर, म्हणजे मनातल्या इराद्यावर, ठरते. बाराव्या शतकातील ज्यू पंडित मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या: सर्वांत खाली कुरकुरत दिलेले, बरेच वर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले, आणि सर्वांत वर घेणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभे करणारे. इतकी बारीक मांडणी हाताशी असताना रोजचा उपदेश मात्र ‘पाप लागेल’ आणि ‘पुण्य मिळेल’ यांवरच का अडतो? कारण भीती आणि आमिष लगेच लागू पडतात.

ते नंतर कसे उलटतात, तेही सांगायला हवे. इस्रायलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचे निरीक्षण झाले. त्यांतल्या सहा ठिकाणी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला, आणि दंड काढून टाकल्यावरही खाली आला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटत असे. दंड आल्यावर उशीर ही विकत घेण्याची वस्तू झाली. पापावरच्या प्रायश्चित्ताचे असेच होते. ‘इतके केले की सुटलो’ असा दर एकदा मनात पक्का झाला की ज्याचे नुकसान झाले तो माणूस हिशेबातून गळतो. आमिषाची गतही वेगळी नाही. सुमारे वीस महिन्यांच्या बाळांना मदत केल्याबद्दल प्रत्येक वेळी खेळण्याचे बक्षीस दिले, तर पुढे ती बिनबक्षिसाच्या बाळांपेक्षा कमी मदत करू लागली. एवढ्या लहान वयात जे आपसूक होत होते, त्याला आपणच मजुरी लावली.

दुष्कृत्यांकडे वळताना मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांची मांडणी उपयोगी पडते. सदसद्विवेक असलेला माणूस क्रूर होताना तो विवेक गमावत नाही, तेवढ्यापुरता बंद करतो; त्यासाठीच्या आठ युक्त्या त्यांनी नोंदवल्या. त्यांतल्या चार कुठल्याही धर्माच्या, आणि धर्म न मानणाऱ्यांच्याही, तोंडी ऐकू येतात. कृत्याला पवित्र कारण देणे. जबाबदारी वर ढकलणे: ‘आज्ञाच तशी आहे’. समोरच्याला माणसातून काढणे: कीड, घाण, अपवित्र. आणि सौम्य शब्द: ‘धडा शिकवला’, ‘शुद्धी केली’.

यात आपले व्याकरण फार मदत करते, म्हणून तिकडे जरा जवळून पाहावे. ‘मी त्याला मारले’ या वाक्यात मारणारा आणि मार खाणारा दोघेही उभे आहेत. ‘त्याला मारले गेले’ म्हणताच पहिला पडद्याआड जातो. ‘मारहाण झाली’ म्हटले की दुसराही जातो. ‘जे घडायचे ते घडले’ इथे तर कृत्यही उरत नाही, फक्त नियती उरते. स्वतःच्या वा आपल्या गटाच्या वागण्याबद्दल बोलताना वाक्यातून कर्ता नाहीसा होऊ लागला की तिथेच थांबून तो परत बसवावा. ही सवय लावून घेणे अवघड आहे, पण तिला पैसे लागत नाहीत आणि ती धर्माच्या आड येत नाही.

स्वतःचा हेतू तपासायला एका वेळी एकच गोष्ट मनातल्या मनात काढून बघावी. बघणारे काढा: फलकावर नाव लागणार नसेल, तरी एवढीच रक्कम द्याल का? मोबदला काढा, पारलौकिकसुद्धा. मग माणूस बदला: हेच कृत्य आपल्या पंथाबाहेरच्यासाठी केले असते का, आणि हीच चूक आपल्या माणसाने केली असती तर हीच शिक्षा मागितली असती का? या सगळ्या गोष्टी एकदम काढल्या तर कुणाचाच हेतू उभा राहत नाही आणि माणूस उगाच स्वतःला खोटा ठरवून मोकळा होतो. मिश्र हेतू हा दोष नव्हे. कोणता धागा काढल्यावर कृतीच सुटते, तेवढे कळले की पुरे. दानाच्या बाबतीत बहुतेकांचे नावापाशी अडते. देणग्या घेणाऱ्या संस्थांनी नावांऐवजी फक्त एकूण रक्कम आणि ती कशावर खर्च झाली ते लावावे, अशी आमची सूचना आहे. सुरुवातीला देणग्या घटतील, हे गृहीत धरूनच.

मुलांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी दाखवलेली वाट आम्ही सुचवू. धाक किंवा अबोला धरण्याऐवजी कृतीचा दुसऱ्यावर झालेला परिणाम दाखवायचा. मुलाने दुसऱ्याला ढकलले, तर आधी दोघांना वेगळे करावे, कारण रागाच्या भरात काहीच ऐकू जात नाही. मग मुलाच्या उंचीला बसून पडलेल्याकडे बोट दाखवावे: ‘त्याचा गुडघा बघ. तू ढकललेस म्हणून तो पडला. त्याला दुखतेय.’ लहानग्याला एवढी तीन वाक्ये बास. चौथ्या वाक्यापासून प्रवचन सुरू होते आणि लक्ष जखमेवरून बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जाते. आवाज फार चढला तर मूल घाबरते आणि त्याला गुडघा दिसतच नाही. अगदी सपाट आवाजात सांगितले तर ते मनावर घेत नाही. ‘तू वाईट आहेस’ आणि ‘देव तुला शिक्षा करील’ ही दोन वाक्ये टाळावीत, कारण दोन्ही मुलाची नजर पडलेल्याकडून स्वतःकडे वळवतात. घरात देव असेल तर त्याचे नाव जरूर घ्यावे, पण या जागी: ‘त्याला उठवायला तू गेलास तर देवालाही आवडेल.’ आणि माफी वदवून घेण्याआधी मुलाला काहीतरी करू द्यावे, हात देणे, पाणी आणणे, पडलेली वस्तू उचलून देणे. ‘सॉरी’ नंतर आले तरी चालते.

आपले,
नीतिशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणारे काही अध्यापक