शहापूर तेव्हा बेळगावात नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला बेळगावच्या इतिहासावरचा लेख वाचला. किल्ल्याचा भाग इतका आवडला की घरात सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवला. मात्र १८१८ साली किल्ला पडला आणि बेळगाव-शहापुरावर इंग्रजांचा अंमल सुरू झाला, अशा अर्थाचं जे वाक्य त्यात आहे, तिथं अडखळलो. बेळगावपुरतं ते खरं आहे. इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर एप्रिल १८१८ मध्ये किल्ला घेतला आणि पुढं इथं छावणी आली, कलेक्टर आला. पण शहापुरावर, जे आज बेळगाव शहराचाच भाग आहे, कलेक्टरचा अंमल नव्हता. शहापूर सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांचं होतं आणि ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ते सांगलीचंच राहिलं.

आमच्या घराचं खरेदीखत माझ्याकडे आहे, शके १८५३ चं, म्हणजे १९३१ सालचं. आजोबा विणकर होते. पुढच्या सोप्यात खड्डामाग, मागं स्वयंपाकघर, परड्यात विहीर, एवढंच ते घर. माग कधीच गेला, खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी घातली, तरी त्या चौकोनातली फरशी अजून थोडी दबलेली आहे. पायाला कळतं. खताच्या कागदावर सांगली संस्थानचा शिक्का आहे. मजकूर मराठी, अक्षर मोडी. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, एक मोडीत आणि दुसरी कानडीत. कानडी सही करणारे शेजारच्याच मागावरचे होते, असं वडील सांगायचे. आजी तर स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं रेल्वे फाटक ओलांडायचं झालं की म्हणायची, "बेळगावात जाऊन येतो." आम्ही पोरं हसायचो, अगं हे पण बेळगावच की. चूक आमची होती. तिच्या आयुष्याची पहिली तीस वर्षं ती खरोखरच दुसऱ्या राज्यातून जाऊन येत होती.

सांगलीचा आणि शहापूरचा संबंध काय, असं आजची मुलं विचारतात. नकाशा काढला की उत्तर मिळतं. संस्थानाचे तालुके होते मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शिरहट्टी आणि शहापूर. त्यातले आज काही सांगली जिल्ह्यात आहेत, मंगळवेढे सोलापुरात, तेरदाळ बागलकोटात, शिरहट्टी गदगात, आणि मधली सगळी गावं दुसऱ्यांची. पटवर्धनांना हा मुलूख पेशव्यांकडून फौजेच्या खर्चासाठी सरंजाम म्हणून मिळाला होता. सरंजाम देताना बघायचं ते उत्पन्न. कुठलं गाव किती वसूल देतं यावर वाटणी व्हायची, गावं एकमेकांना लागून आहेत की नाहीत याचं कुणाला पडलं नव्हतं. शहापूर ही व्यापाराची आणि मागांची पेठ, तिचा वसूल चांगला, म्हणून ती सरंजामात. पुढं १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेच्या घराण्यापासून वेगळे होऊन सांगलीला गेले. शहापुरातल्या चिंतामणराव हायस्कूलच्या पाटीवरचं नाव त्याच घराण्यातलं आहे. आम्ही त्या पाटीखालून रोज जायचो आणि चिंतामणराव कोण हे कधी विचारलंही नाही.

आपल्या जिल्ह्यात हे सगळीकडे आहे. रामदुर्ग भाव्यांचं, तोरगल कोल्हापूरच्या छत्राखालच्या शिंद्यांचं. ब्रिटिश मुलुखाच्या जुन्या नकाशावर ही संस्थानं गोधडीच्या ठिगळांसारखी दिसतात. तो नकाशा पुढ्यात नसताना बेळगावचा इतिहास लिहायला घेतला, की तो किल्ल्याच्या खंदकापाशीच संपतो.

आणखी एक. लेखात शहराचं जुनं नाव वेणुग्राम असल्याचं आलंय, पण ते कशावरून, हे यायला हवं होतं. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी राजधानी इथं आणली. त्यांच्यातल्या चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्यानं, बीचणानं, १२०४ च्या सुमारास जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं. किल्ल्यातली कमलबस्ती ती हीच. छताच्या मधोमध लोंबणारं दगडी कमळ एकदा मान वर करून नीट बघावं, पाकळ्यांत तीर्थंकर बसवलेत. त्या काळचे इथले दोन शिलालेख कानडीत आहेत आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वेणुग्रामच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी जिनालयाला काय काय द्यायचं ठरवलं, हे त्यात कोरलंय. आपल्या बाजारपेठेचा इतका जुना कागद, दगडावरचा का असेना, दुसऱ्या कुठल्या शहराकडे असता तर त्यांनी त्याची प्रतिकृती चौकात उभी केली असती. मला याची मनापासून खंत वाटते.

खानापूर तालुक्यातलं हलशी त्याहून कितीतरी जुनं. ही कदंब राजांची पलाशिका, त्यांच्या बनवासी या राजधानीच्या खालोखाल मानाची. पाचव्या-सहाव्या शतकातले त्यांचे संस्कृत ताम्रपट हलशीलाच सापडले. पुढं गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात तिथं भूवराह नरसिंहाचं देऊळ बांधलं. दोन गाभारे समोरासमोर, मधे मंडप. नातवाला घेऊन गेलो तेव्हा त्यानं विचारलं, गोव्याचा राजा इथं कशाला आला? मी त्याला नद्या सांगितल्या. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. म्हादई याच तालुक्यात उगम पावून पश्चिमेला गोव्यात उतरते. पाणलोटाच्या दोन्ही अंगांना ज्याची सत्ता, घाटातला माल त्याच्या हातात. पोराला ते चटकन पटलं.

माझी विनंती एवढीच. पुरवणीत 'कुणाचं गाव, कुणाचा अंमल' असं एखादं सदर सुरू करावं आणि शहापूर, वडगाव, निपाणी, रामदुर्गच्या वाचकांकडून घरातले जुने कागद मागवावेत. खरेदीखतं, शेतसाऱ्याच्या पावत्या, जे असेल ते. मोडी वाचणारी माणसं आता थोडी उरलीत, ती आहेत तोवरच हे होईल. आमच्या खताच्या शेवटच्या चार ओळी मला लागत नाहीत, वडिलांनाही लागल्या नव्हत्या. बहुधा विहिरीच्या वहिवाटीचं काहीतरी आहे. कुणी वाचून देणार असेल, तर कागद घेऊन मी स्वतः आपल्या कार्यालयात येतो.

आपला,
शहापूरचा एक जुना रहिवासी
बेळगाव