मागे चार पिस्टनचे कॅलिपर बसवलेस, आता हँडब्रेकचं काय?

प्रिय मंदार,

स. न. वि. वि.

फोटो मिळाले. मागचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनं आवळणारे ते चिमटे, चाकाच्या आत इतके चपखल बसलेत की मी ते फोटो मोठे करकरून पाहिले. पण त्यातल्याच एका फोटोत खालच्या बाजूला हँडब्रेकची जुनी केबल झिप-टायने बांधून ठेवलेली दिसली, कारण नव्या कॅलिपरला ती जोडायची सोयच नाही, आणि तुझा प्रश्नही नेमका तिचाच आहे: 'हायड्रॉलिक हँडब्रेक टाकला तर भागेल ना?' नाही मंदार, रस्त्यावरच्या गाडीत त्यावर भागणार नाही. का ते फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्किंग ब्रेक, म्हणजे हा हँडब्रेकच, खरा कामाला येतो तो गाडीत कोणी नसताना. इंजिन बंद आहे, बॅटरी उतरली आहे, आठवडाभर कोणी फिरकलेलं नाही, तरी गाडी जागची हलता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या आर-13-एच नियमावलीत प्रवासी गाडीसाठी हेच लिहिलंय: भरलेली गाडी 20 टक्के चढावर आणि तेवढ्याच उतारावर उभी राहिली पाहिजे, हाताच्या लिव्हरला 400 न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, आणि लागलेला ब्रेक धरून ठेवण्याचं काम निव्वळ यांत्रिक रचनेनं झालं पाहिजे. तुझ्यासाठी ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. तेलाच्या दाबावर गाडी धरून ठेवणारी प्रत्येक युक्ती तिथेच बाद होते.

हायड्रॉलिक लिव्हर म्हणजे मागच्या ब्रेक-तेलाच्या नळीत (लाइनमध्ये) बसवलेला, तेलावर दाब आणणारा आणखी एक मास्टर सिलिंडर. वळणात मागची चाकं क्षणभर लॉक करायला तो उत्तम, ड्रिफ्टवाले वापरतात ते त्यासाठीच. पण तो ओढून, खाच अडकवून गाडी सोडून गेलास तर सगळा भार रबरी सीलवर आणि तेलावर. मी अशा लाइनला गेज लावून पाहिलंय. लिव्हर ओढली की काटा झटकन वर जातो आणि तिथेच ठाम वाटतो. तेवढं बघून माणूस खूश होऊन निघून जाईल. थोडं थांबलं की तोच काटा कळेल न कळेल असा खाली सरकायला लागतो. त्यात गाडी नुकतीच जोरात चालवून आणलेली असेल तर आणखी वाईट, कारण डिस्क, पॅड, तेल सगळंच निवताना आकसतं आणि दाब आपोआप उतरतो. उभी करताना घट्ट वाटलेली गाडी तासाभरानं सैल झालेली असते, आणि ते बघायला तिथे कोणी नसतं. लाइन लॉकचंही, म्हणजे लाइनमधला दाब कोंडून ठेवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचंही, हेच, वर त्याच्या सोलेनॉइडला सतत वीज लागते. तुला लिव्हर हवीच असेल तर खुशाल बसव, पण यांत्रिक पार्किंग ब्रेकच्या जोडीला. त्याच्या जागी नको.

मग करायचं काय? सगळ्यात आधी तुझ्या हबच्या, म्हणजे चाक जिथे बोल्टनं बसतं त्या भागाच्या, मागची जागा तपास. डिस्कच्या टोपीच्या, म्हणजे मधल्या फुगीर भागाच्या, आत छोटा ड्रम आणि त्याला आतून दाबणारे दोन शू, ही रचना मला सगळ्यात जास्त आवडते. कंपन्यांनी ती कितीतरी गाड्यांत दिलीय आणि ती कॅलिपरपासून पूर्ण वेगळी असते. कॅलिपर कुठलाही लाव, तिला फरक पडत नाही. आतला व्यास साधारण 160 ते 190 मिलिमीटर. शू फिरत्या ड्रमवर फारसे घासत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं टिकतात. तुझ्याच मॉडेलच्या एखाद्या वरच्या आवृत्तीत बॅक प्लेट आणि शू तयार मिळतात का, हे आधी शोध. एक अडचण मात्र बघून ठेव: तुझी डिस्क दोन तुकड्यांची असेल आणि टोपी अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर शूंना घासायला योग्य पृष्ठभागच नाही. मग लोखंडी कडं बसवलेली टोपी घ्यावी लागेल.

आणि अ‍ॅडजस्टमेंट नीट कर, यातच बहुतेक लोक घाई करतात. केबल पूर्ण सैल सोड. डिस्कच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक एकेक दात फिरव, प्रत्येक दाताला हाताला हलकी टिचकी जाणवते. डिस्क हातानं फिरेनाशी झाली की काही दात मागे घे, म्हणजे ती मोकळी फिरेल. दोन्ही बाजू झाल्यावरच केबल ताण. शूंमधली ढिलाई केबल ओढून भरून काढलीस तर लिव्हर वर छान लागेल, पण शू तिरके बसतील आणि चढावर गाडी घसरेल.

ड्रम बसतच नसेल, तर दुसरा मार्ग म्हणजे त्याच डिस्कवर स्वतंत्र छोटा यांत्रिक कॅलिपर, ज्याला स्पॉट कॅलिपर म्हणतात. त्यात तेल नाही. केबल एक आर्म ओढते आणि आतला उतार किंवा स्क्रू पॅडला दाबतो. दिसायला किरकोळ, म्हणून हिशेब करूनच घे. माणसं-सामान धरून गाडी 1500 किलो समज. 20 टक्के म्हणजे साधारण 11 अंशांचा चढ, तिथे गाडीला खाली ओढणारं बल सुमारे 2900 न्यूटन. टायरची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरली तर दोन्ही चाकांवर मिळून 870 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, एका चाकावर 435. पॅड डिस्कवर 13 सेंटिमीटर त्रिज्येवर बसतोय आणि घर्षणांक 0.35 आहे असं धर. दोन पॅड मिळून तेवढा टॉर्क धरायला प्रत्येक चाकावर जवळजवळ 4800 न्यूटनची पकड लागते. आता हाताकडून ये. 400 न्यूटन, लिव्हरचा फायदा सातपट, दोन केबलींत वाटणी, त्यात वळणांमधलं घर्षण पाव हिस्सा खाणार. कॅलिपरच्या आर्मपर्यंत हजार-अकराशे न्यूटन पोचले तर पोचले. म्हणजे कॅलिपरनं स्वतः निदान साडेचारपट जोर वाढवायला हवा. त्याबदल्यात पॅडची हालचाल तेवढीच कमी होते, म्हणून पॅड-डिस्कमधली फट अगदी थोडी ठेवावी लागते आणि अधूनमधून तपासावी लागते. पॅड रेसिंगचे घेऊ नकोस, बरेचसे थंड असताना कमी पकडतात आणि उभी गाडी थंडच असते. ब्रॅकेट जाड पोलादाचं, थेट नकलवर, म्हणजे हब धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भागावर. केबलची वळणं मोठी ठेव, आणि सस्पेन्शन पूर्ण वर-खाली करून ती कुठे ताणत किंवा मुरगळत नाही ना ते बघ.

विजेवरचे पर्याय दोन तऱ्हेचे. एकात मोटर केबल ओढते, दुसऱ्यात मोटर कॅलिपरवरच असते. चांगल्या प्रकारात वीज गेल्यावरही स्क्रू आपल्या जागी अडकून राहतो, म्हणून धरण्याचं काम यांत्रिकच असतं. कंपनीच्या गाडीत डिस्क निवल्यावर कंट्रोलर पुन्हा आवळूही शकतो. घरगुती जोडणीत ही अक्कल बहुधा नसते. शिवाय चालत्या गाडीत ब्रेकचं पेडल निकामी झालं, तर हाताच्या लिव्हरनं हळूहळू ब्रेक लावता येतो, साध्या बटणानं येत नाही. केबल ओढणारी मोटर घेतलीस तरी पुढे केबल-कॅलिपरचं गणित तेच राहतं.

प्रॉपेलर शाफ्टवरचा, म्हणजे गियरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावरचा, ब्रेक तुझ्या गाडीला नको. एक मागचं चाक जॅकवर उचललंस किंवा घसरड्यावर गेलं, की दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या साध्या डिफरन्शियलमुळे गाडी सुटते.

आता एक बोलतो, राग मानू नकोस. मागे चार पिस्टन हवेतच का? जोरात ब्रेक मारताना वजन पुढे जातं आणि मागच्या चाकांच्या वाट्याला थोडंच काम उरतं. मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोरकस झाला तर पुढची-मागची वाटणी बिघडून गाडीचा मागचा भाग सुटू शकतो. हँडब्रेकची यंत्रणा आतच असलेला कंपनीचा एक पिस्टनवाला कॅलिपर आणि थोडी मोठी डिस्क, एवढ्यानं तुझं काम झालं असतं. तू मन लावून काम केलंयस, म्हणून काढ असं म्हणत नाही. पण ड्रमही बसेना आणि स्पॉट कॅलिपरलाही जागा निघेना, तर मी हाच मार्ग धरीन.

तोवर गाडी चढ-उतारावर उभी करूच नकोस. सपाटीवरही गियरमध्ये ठेव आणि चाकाला लाकडी ठोकळा लाव. नुसत्या गियरवर विसंबू नकोस, कॉम्प्रेशन सिलिंडरमधून हळूहळू निसटतं. छोटी अंगणात खेळत असते, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

मागचं चाक आणि डिस्क काढून तीन मापं पाठव: टोपीचा आतला व्यास, टोपीची खोली, आणि नकलवर कॅलिपरच्या विरुद्ध बाजूला किती मोकळी जागा आहे ती. जुन्या केबलची लांबीही मोज, कापू नकोस. मापं आली की ब्रॅकेटचा नकाशा मी काढून देतो.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
हेमंत