तुझ्या उजव्या कानाविषयी

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू निघालास तेव्हा मी दारापर्यंत आले नाही, याचे मला त्या क्षणापासून वाईट वाटत आहे. जिन्याच्या वळणावर तुझ्या बेस गिटारची पेटी भिंतीला घासली. तो आवाज इतक्या वर्षांत किती वेळा ऐकला असेल आणि दर वेळी मी उठून दारात उभी राहिले आहे. याच वेळी उठले नाही. "आता हे किती दिवस चालायचे?" असे मी विचारले आणि मी तुला वाजवणे सोडायला सांगते आहे, असे तुला वाटले. मला ते मुळीच म्हणायचे नव्हते. जे म्हणायचे होते ते बोलून नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे. कानाचा विषय शेवटी एकदाच काढायचा आणि बाकीचे पत्र तुमच्या दौऱ्याविषयी लिहायचे, असे ठरवून बसले आहे.

दौऱ्याची बातमी ऐकून मला खरोखर आनंद झाला. छप्पन्नाव्या वर्षी १९ दिवसांत ११ कार्यक्रम करायला माणसे तुम्हांला बोलावतात, ही साधी गोष्ट नाही. माझ्या वहीत १९८८ पासूनच्या तुझ्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद आहे, हे तुला ठाऊक आहे. पण मागच्या आठवड्यात मी त्या सगळ्या नोंदी पहिल्यांदाच मोजल्या, हे तुला सांगायचे राहून गेले. १,१४६ भरल्या. पहिल्या पानावर "चार गाणी, गिटारची तार तुटली, बाळ घाबरला नाही" असे लिहिलेले आहे. मधल्या काही वर्षांत महिन्याला चार-चार, पाच-पाच नोंदी आहेत. पुढे नोकऱ्या, लग्ने, मुले यांच्या काळात त्या वर्षाला सहा-सातवर आल्या. तरीही २०२० सोडले तर एकही वर्ष कोरे नाही. बँड मोठ्या कार्यक्रमांवर जगतो, असे लोकांना वाटते. वही वाचताना मला दिसले की तुमचा बँड तग धरून राहिला तो निम्म्या रिकाम्या खोल्यांमुळे, जिथे तीस माणसांसमोर तुम्ही नवे गाणे पहिल्यांदा वाजवून पाहिलेत आणि ते फसले तर परतीच्या गाडीतच त्याचे कडवे बदललेत.

दीड तास वाजवण्यासाठी दुपारी तीनला पोहोचायचे, सामान उतरवायचे, साउंडचेक करायचा, म्हणजे वाद्यांचे आवाज आधी जुळवून पाहायचे, मग चार तास नुसते थांबायचे आणि मध्यरात्रीनंतर तेच सामान पुन्हा गाडीत चढवायचे, हे विसाव्या वर्षी अंगावर घेता येते. आता ड्रमरचा खांदा दुसऱ्या दिवशी उचलत नाही आणि तुझी पाठ दोन दिवस धरते, हे सूनबाईंनी मला सांगितले; तू सांगितले नाहीस. तुमच्या गायकाचा आवाज वरच्या पट्टीत फाटू लागला तेव्हा तुम्ही सगळी गाणी अर्ध्या स्वराने खाली घेतलीत. ते त्याला सर्वांसमोर बोलून दाखवावे लागू नये म्हणून "बेसला हीच पट्टी बरी बसते" असे तूच म्हणालास. ही गोष्ट मला त्यानेच सांगितली आणि सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. मला तुझ्याविषयी अभिमान वाटतो तो अशा गोष्टींसाठी. त्याच्या गळ्यासाठी तू पट्टी उतरवलीस, ड्रमरच्या खांद्यासाठी लांबलचक गाण्यांच्या मध्ये संथ गाणी घातलीत. मग तुझ्या कानासाठी त्यांनी काही करावे असे तुला का वाटत नाही? त्यांना काही ठाऊक तरी आहे का?

विषय निघालाच आहे, तर सांगून टाकते.

तुम्ही सगळे जेवायला बसला होता तेव्हा मी तुझ्या मागून तुला दोनदा हाक मारली. तू वळला नाहीस. रागामुळे उत्तर देत नाहीस असे समजून मी तिसऱ्यांदा हाक मारली नाही आणि तिथूनच त्या दुपारचे सारे बिघडत गेले. नंतर रात्री मला एकेक गोष्ट आठवू लागली. तू आयुष्यभर फोन उजव्या कानाला लावत आलास, तो आता डाव्या कानाला लावतोस. नात बोलते तेव्हा तू तिच्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहतोस. सगळे हसले की तूही हसतोस, पण थोडा मागून. बाळ, हे कानाला यंत्र लावण्यापूर्वी सहा वर्षे मी केले आहे. त्या सहा वर्षांत तुझ्या तात्यांना वाटत होते की मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही आणि मला वाटत होते की ते मुद्दाम पुटपुटतात. आमच्यात त्या काळात जो अबोला धरला गेला तो नंतर पुरता कधी मिटला नाही, हेही तुला आज पहिल्यांदाच लिहीत आहे.

बेसवाला म्हणून तू ड्रमरच्या हायहॅटच्या, म्हणजे झांजांच्या जोडीच्या, बाजूला उभा राहतोस. प्रेक्षकांकडे तोंड केले की त्या झांजा तुझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर येतात. पस्तीसहून अधिक वर्षे त्या तिथेच आहेत. कान उजवाच का गेला असावा, हे शोधायला मला डॉक्टर लागला नाही.

आणि फसवणूक कुठे होते ते तू नीट वाच. तुझ्या वाद्याची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर तिचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. मोठ्या आवाजाने कानाची जी हानी होते ती आधी दिसते वर, तीन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आणि बहुधा चार हजारांच्या आसपास. म्हणजे तुझा बेस तुला स्वच्छ ऐकू येत राहतो, ताल ऐकू येतो, लय चुकत नाही, आणि त्याच वेळी माणसाच्या बोलण्यातले स, श, फ यांसारखे वर्ण गळून पडू लागतात. बोलणाऱ्याचा आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. "मी स्टेजवर एकही चूक करत नाही, मग माझ्या कानाला काय झाले आहे?" असे तू मला विचारलेस. त्याचे उत्तर हेच आहे. कान गेल्याचे बँडमध्ये सर्वांत शेवटी कळेल ते बेसवाल्याला.

८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, असे सुरक्षिततेच्या हिशेबात धरतात. तिथून दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्म्यावर येतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. रॉकच्या स्टेजवर शंभरच्या पुढे जाणे नित्याचे आहे आणि तुम्ही दीड तास वाजवता, साउंडचेक वेगळाच. प्रत्येक कानाच्या आत सूक्ष्म केस असलेल्या पंधरा-सोळा हजार पेशी जन्माच्या वेळी मिळतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मी एकतीस वर्षे आठवी ते दहावीच्या मुलांना ध्वनीचा पाठ शिकवला. माझ्या घरात एक मुलगा वाढत होता, त्याला मात्र तो कधी शिकवला नाही.

पाहा, मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिले. क्षमा कर. तुला हे ठाऊक नसेल असे नाही. तात्या शेवटच्या रांगेत कानांत कापूस घालून बसत आणि तू त्यांच्यावर रुसत असस, तेव्हापासून आपल्या घरात हे सर्वांना ठाऊक आहे. पण मला एक गोष्ट सतत टोचते आहे आणि ती लिहिल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. तू सतरा वर्षांचा असताना तात्यांच्या आजारपणात घरात आवाज नको म्हणून तुला हेडफोन आणून देणारी मीच होते. दार लावून, पांघरूण डोक्यावर घेऊन तू मध्यरात्रीपर्यंत टेप मागे-पुढे करत एकेक ओळ बसवायचास. घर शांत आहे याचे मला समाधान वाटायचे. तो सगळा आवाज कुठे जात होता, याचा विचार मी केला नाही. सुरुवात तिथेच झाली असेल का, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण मी रात्री जागी असते ती याच विचाराने.

२०२० मध्ये सगळे बंद होते आणि तू रोज फोन करत होतास, तेव्हा एकदा म्हणाला होतास, "आई, घर इतके शांत आहे की कानात शिट्टी वाजल्यासारखी वाटते." वहीची पाने कोरी जात होती, तुला वाजवायला मिळत नव्हते, आणि त्या दुःखातून तू असे बोलतोस असे मला वाटले. ती शिट्टी अजून वाजते का? हे मी तुला रविवारी विचारणार होते.

एसी/डीसी या रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांची हकीकत तूच मला सांगितली होतीस. २०१६ मध्ये डॉक्टरांनी त्यांना ताबडतोब थांबा, नाहीतर पूर्ण बहिरे व्हाल असे बजावले आणि दौरा अर्ध्यावर असताना त्यांच्या जागी दुसरा गायक उभा राहिला. मोटार शर्यतीत कानांत बोळे घालायचे विसरल्याने कान बिघडला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पण तेच गृहस्थ २०२० च्या अल्बममध्ये परत गायले आणि २०२३ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, पुन्हा बँडबरोबर स्टेजवर आले. जेनेसिस बँडचे ड्रमर आणि गायक फिल कॉलिन्स यांना ड्रमच्या काठ्या धरता येईनात, तेव्हा त्यांनी २०२२ मधल्या बँडच्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत खुर्चीत बसून गायन केले आणि ड्रमवर त्यांचा मुलगा होता. चार्ली वॉट्स १९६३ पासून रोलिंग स्टोन्स या बँडचे ड्रमर होते. २०२१ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ते गेले आणि महिन्याभराने त्यांचे सोबती दुसऱ्या ड्रमरला घेऊन दौऱ्यावर निघाले. यांतला कोणीही मी तुला थांबवण्यासाठी आठवत नाही. इतकी वर्षे वाजवत राहणारी माणसे काहीतरी सोडून देतात, काहीतरी बदलतात, कुणाला तरी सांगतात आणि मग पुढे जातात, एवढेच मला दिसते. तू मात्र काहीच बदललेले नाहीस. तोच कोपरा, त्याच झांजा, तोच उघडा कान.

तेव्हा माझे मागणे इतकेच आहे. दौरा निघण्यापूर्वी एकदा कानाची तपासणी करून घे आणि त्याचा आलेख मला पाठव. तो मला वाचता येतो. वादकांसाठी कानाच्या साच्यावरून बनवलेले बोळे मिळतात, त्यांत नऊ, पंधरा आणि पंचवीस डेसिबलच्या गाळण्या असतात आणि त्या सगळे स्वर जवळजवळ सारखेच उतरवतात, म्हणून वाद्य बसके ऐकू येत नाही. नीट बसले तर पंधराच्या गाळणीने शंभरचे पंच्याऐंशी होतात, म्हणजे पंधरा मिनिटांचे आठ तास. हा हिशेब तू स्वतः करून पाहा. आणि एखाद्या कार्यक्रमात ड्रमरच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून पाहा. पहिल्या गाण्यात हरवल्यासारखे वाटेल. पण १,१४६ कार्यक्रमांनंतर तुमच्या दोघांना एकमेकांचा हात पाहायला नेहमीचाच कोपरा लागतो, असे मला वाटत नाही.

त्यांना सांग. तुझा ड्रमर तुझ्या बोलण्याला उत्तर देतो तेव्हा तू "काय?" म्हणतोस आणि तो तेच वाक्य हसून पुन्हा म्हणतो, हे मी पाहिले आहे. त्याला बहुधा आधीच कळले आहे आणि गायकाच्या पट्टीसारखेच तोही काही न बोलता सांभाळून घेतो आहे.

बोलून सांगण्याऐवजी पत्र का लिहिले, हे आता तुझ्या लक्षात आले असेल. फोनवर यातले अर्धे शब्द तुला लागले नसते आणि तू "हो, हो" म्हणून ठेवून दिला असतास. मीही तेच करत असे. रविवारी दारात आले नाही त्याबद्दल मनातून काढून टाक. परत आलास की मी समोर बसून, सावकाश बोलेन. तू मला तसेच बोलतोस, हे इतकी वर्षे माझ्या लक्षात येत होते आणि मी कधी बोलले नव्हते.

सूनबाईंना आणि नातीला आशीर्वाद. अँपची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राची, पेटी एकट्याने उचलू नकोस.

तुझी,
आई

ता. क. मागच्या महिन्यातल्या दोन कार्यक्रमांच्या तारखा वहीत लिहायच्या राहिल्या आहेत. त्या कळव, आणि कोणते गाणे शेवटी घेतलेत तेही. म्हणजे ही बेरीज १,१४८ होईल.